घोडं जगतंय का?

सिनेमात माणसं कितीही मेली तरी हरकत नाही, पण घोड्याच्या अंगावर साधा ओरखडासुद्धा उठता कामा नये, या एकाच तत्त्वावर सगळं आयुष्य उभं केलेला माणूस साऱ्या कोल्हापुरात आमच्या दाजींखेरीज दुसरा सापडायचा नाही. घोड्याचं वेड असलेले लोक इथे थोडेथोडके नाहीत. शर्यतीच्या घोड्यापायी शेतातली कामं विसरलेले आहेत, स्वतःच्या लग्नात नवरीकडे कमी आणि वरातीच्या घोडीकडे जास्त बघणारे आहेत. पण त्यांचं वेड पागेत सुरू होतं आणि पागेतच मिटतं. दाजींचं वेड सिनेमाच्या पडद्यापर्यंत जातं. तिथे एकदा पोचलं की त्याला आवर घालणं माझ्या आक्काला लग्नाला इतकी वर्षं होऊनही जमलेलं नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मंगळवार पेठेत खाली त्यांचा दातांचा दवाखाना आणि वर घर. अंगानं दणकट, आवाज असा की रस्त्यावरच्या माणसालाही आत कुणाची दाढ चाललीय ते कळावं. दवाखान्यात माणूस कितीही कळवळला तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटत नाही. "वरडू नका. दात तुमचाच हाय, मी काय घरी न्हेणार न्हाय," असं म्हणतात आणि तेवढ्यात काम उरकतात. दात बघून घोड्याचं वय सांगण्याची विद्या त्यांना आधी आली आणि माणसांच्या दातांची पदवी नंतर मिळाली, त्यामुळे दोन्हींची त्यांच्या डोक्यात कायमची सरमिसळ झाली आहे. मला बघायला स्थळं यायची तेव्हा दाजी पोह्यांची बशी स्वतः पुढे करायचे आणि मुलगा घास घेईस्तोवर त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायचे. पाहुणे गेले की निकाल. "एकोणतीस सांगतोय, पण पस्तिशीच्या आत न्हाय. खालचं दात बघितलंस काय?" शेवटी ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांना दाजींनी दारातच पास केलं. "दात चांगलं हाईत, करून टाक," एवढीच त्यांची शिफारस होती, आणि खोटं कशाला बोलू, ती आजवर चुकीची ठरलेली नाही.

तर असा हा माणूस घोड्याचा सिनेमा लागला की कामातून जायचा. एकदा एक ऐतिहासिक सिनेमा बघायला आम्ही सगळे गेलो होतो. लढाईचा प्रसंग, नायक दोन्ही हातांनी तलवार चालवतोय, थिएटरात शिट्ट्यांचा नुसता पाऊस, आणि दाजी मान वाकडी करून पडद्याच्या कोपऱ्यात बघतायत. तिथे कुणाचं तरी घोडं पडलं होतं. "उठलं काय गं ते?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, दाजी, ते दृश्य गेलं केव्हाच. पुढे नायक घोड्यावरून उडी मारून गडात शिरला आणि उरलेला सिनेमा गडातच घडला. नायक धारातीर्थी पडला तेव्हा सगळं थिएटर रडत होतं आणि दाजी तर हुंदके देत होते. शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, असा मर्द परत होणं न्हाय." दाजींनी रुमालातून तोंड वर काढलं आणि म्हणाले, "मर्दाचं राहू द्या ओ. घामेजलेलं घोडं भायेर उभं करून गेलाय त्यो. त्याला कुणी फिरवलं न्हाय, पाणी दावलं न्हाय, अंगावर झूल टाकली न्हाय. काय झालं आसंल त्याचं?" त्या माणसानं हात काढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढदुखीनं बेजार झालेल्या एका गृहस्थांचा एक्स-रे उजेडात धरून बघताना त्यांना पुन्हा ते घोडं आठवलं. डॉक्टर आपल्या फोटोकडे बघून डोळे पुसतायत म्हटल्यावर ते गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "जे काय असेल ते मला सांगू नका, थोरल्या मुलाला बोलावतो, त्याला सांगा," असं ते म्हणाले. दाढ नुसती किडलेली होती.

यावर उपाय म्हणून आक्कानं मला कामाला लावलं. मी गारगोटीला शाळेत मराठी शिकवते. कुठल्याही सिनेमात जनावर आहे असा वास आला की तो मी आधी बघायचा आणि दाजींना कळवायचं, अशी पद्धत पडली. दाजींचा फोन मधल्या सुट्टीत यायचा. गोष्ट काय आहे, कामं कशी केली आहेत, यातलं काही त्यांना नको असायचं. प्रश्न एकच. "मास्तरीण, घोडं जगतंय का?" जगत असेल तर मागचापुढचा विचार न करता तिकिटं काढायची, नाहीतर त्या सिनेमाचं नावही घरात घ्यायचं नाही. मी एकदा शिक्षकांच्या खोलीत फोनवर सांगत होते, "दाजी, नवरा जातो, सासू जाते, धाकटा दीरही वाचत नाही, पण घोडी सुखरूप आहे, काळजी करू नका." फोन ठेवून बघते तर मुख्याध्यापक उठून उभे राहिलेले आणि ड्रॉइंगच्या बाई माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आलेल्या. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत घंटा झाली.

दाजींची स्वतःची घोडी होती, मैना. नदीपलीकडे एका ओळखीच्या शेतात चारसहा हौशी मंडळींनी मिळून पागा बांधली होती, तिथे ती असायची. पागेचा कारभार दस्तगीरमामांकडे. मामांचा पूर्वी स्टँडवर टांगा होता. टांगे बंद पडले तेव्हा रिक्षा घ्यायला सगळ्यांनी सांगितलं, पण रिक्षाला नाव ठेवून हाक मारता येत नाही म्हणून त्यांनी ती घेतली नाही आणि पागेवर आले. मैनेच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. घोड्यांतली माणसं अशा जनावराला आसूढाळ म्हणतात आणि ते मालकाला रडवतं असं मानून दारात उभं करत नाहीत. त्यामुळे चांगली देखणी घोडी असून तिला गिऱ्हाईक लागत नव्हतं. दस्तगीरमामांनी दाजींना बाजूला घेऊन भोवरा दाखवला तेव्हा दाजी म्हणाले, "मी तसाबी रडतोच की मामा. हिच्यामुळं जास्तीचं काय हुणार हाय?" आणि तिला घेऊन आले. त्या दिवसापासून दाजींची संध्याकाळ मैनेची झाली. दवाखाना बंद केला की स्कूटर पागेकडे, मग अंगाला खरारा, पुढ्यात दाण्याची चंदी आणि दवाखान्यातल्या दिवसभराच्या बातम्या. कुणाची कवळी बसली, कोण फी बुडवून गेला, सगळं तिला सांगायचे. आक्काला त्यातलं काही कळायचं नाही.

पागेतली बाकीची मंडळीही दाजींच्याच जातकुळीची, फक्त कबूल करत नाहीत. एका रविवारी दुपारी कुणीतरी मोठा टीव्ही पागेत आणून बसवला आणि सगळ्यांनी मिळून घोड्याचा एक सिनेमा लावला. तो मी बघितलेला नव्हता, माझा सल्ला घेतलेला नव्हता, त्यामुळे पुढच्या प्रकाराची जबाबदारी माझ्यावर येत नाही. म्हाताऱ्या घोड्याला मालक वीटभट्टीवर विकतो, अशी ती गोष्ट. तो घोड्याच्या गळ्यातला घुंगुरमाळेचा पट्टा काढून घेतो इथवर आल्यावर एका शर्यतवाल्या पैलवानाला अचानक लगाम तपासायची आठवण झाली. दुसरे उठून तुडुंब प्यालेल्या घोड्यांना पुन्हा पाणी दाखवायला गेले. तिसरे फोन आलाय म्हणून बाहेर गेले, फोन टीव्हीपुढे तसाच पडलेला. तेवढ्यात पडद्यावरचं घोडं जिवाच्या आकांतानं खिंकाळलं आणि पागेतली सगळी खरी घोडी एकदम उत्तर द्यायला लागली. मैना तर खुंटा उपटायला निघाली. "आवाज बंद करा आधी, जनावरं घाबरत्यात," दाजी ओरडले. आवाज बंद झाला आणि उरलेला सिनेमा मुक्यानं चालू राहिला. आता बोलणं ऐकू येत नाही म्हटल्यावर गोष्ट यांच्या हातात आली. "विकलेलं न्हाय ते. हवापालटाला धाडलंय," दाजी म्हणाले. "व्हय की, चरायला सोडलंय," पैलवान म्हणाले. "त्या विटा त्याच्या नव्या तबेल्यासाठी हाईत," दस्तगीरमामांनी जोड दिली. शेवटी घोडं जमिनीवर आडवं झालं तेव्हा ते दमून झोपलंय यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि पागेत समाधानानं चहा झाला. आजही त्या मंडळींना विचारा, तो सिनेमा फार चांगला आहे, शेवट गोड आहे, असंच सांगतील.

मैना म्हातारी झाली तशी दाजींनी तिच्यावर बसणं सोडलं. नुसता कासरा धरून तिच्याबरोबर चालायचे. गेल्या मे महिन्यात मी सुट्टीला म्हणून आक्काकडे गेले होते. सकाळी दाजी दवाखान्यात एकाच्या तोंडात हात घालून उभे असताना दस्तगीरमामांचा फोन आला. ओढ्यावरून पाणी पिऊन येताना मैनेचा पाय दगडात अडकला, ती पडली आणि मागचा पाय मोडला. आम्ही पोचलो तेव्हा ती आंब्याच्या सावलीत आडवी होती. उठायला बघायची आणि पुन्हा पडायची. जनावरांचे डॉक्टर आमच्या आधी आले होते. त्यांनी दाजींना बाजूला नेलं आणि हळू आवाजात सांगितलं की या वयात हा पाय बसणार नाही, ती उभी राहू शकणार नाही, इंजेक्शन देऊन तिला सोडवणं एवढंच आपल्या हातात आहे.

मी आक्काचा हात घट्ट धरला. सिनेमात असा प्रसंग आला की दाजी काय करतात ते आम्हाला पाठ होतं. मालकानं बंदुकीकडे हात नेला की ते खुर्चीतून उठून पडद्याशी भांडायचे. "एवढी घाई कशाला? पट्टी बांधून बघ की चार दिवस," असं ओरडून बाहेर निघून जायचे आणि मग कुणीतरी त्यांना पार्किंगमधून शोधून आणायचं. दस्तगीरमामांनाही तेच आठवलं असावं. त्यांनी दाजींचं मनगट धरलं. "डॉक्टर, तुमी गाडीत जाऊन बसा. मी हाय हितं." दाजींनी त्यांचा हात सोडवला. जनावरांच्या डॉक्टरांना एवढंच विचारलं, "आत्ता दुखतंय काय तिला?" ते म्हणाले, "खूप." दाजी म्हणाले, "मग थांबू नका."

ते खाली मातीत बसले आणि मैनेचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. इंजेक्शन तयार होईपर्यंत तिच्या कपाळावरचे केस बोटांनी सरळ करत तिच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते ते मला सगळं ऐकू आलं नाही. जे ऐकू आलं ते आदल्या दिवशीच्या कुणाच्यातरी कवळीबद्दल होतं. ती शांत झाल्यावरही बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मग उठले, शेताच्या कडेला खड्डा काढून घेतला, तिच्या अंगावर स्वतःच्या हातानं झूल घातली आणि मीठ टाकलं. दस्तगीरमामा रडत होते, पैलवान लहान मुलासारखे रडत होते, आम्ही दोघी बहिणी रडत होतो. दाजींच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. दुपारी त्यांनी अंघोळ केली, चार घास खाल्ले आणि वेळेवर दवाखाना उघडला.

त्यानंतर ते पागेकडे गेलेच नाहीत. दवाखाना बंद झाला की थेट वर घरात. आक्काला तर एवढ्या लवकर घरी आलेल्या नवऱ्याचं काय करायचं ते कळेना. इतकी वर्षं ती रोज अंधार पडला की भाकऱ्या करून ठेवून गॅलरीत उभी राहायची, गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा दिवा दिसला की आमटी गरम करायला आत वळायची. आता उजेड असतानाच माणूस खुर्चीत बसलेला. बोलणं नाही, चिडणं नाही. दस्तगीरमामा एकदा दाढ दुखतेय म्हणून दवाखान्यात आले. त्यांच्या तोंडात दाढ उरलीच नव्हती. दाजींनी त्यांना खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, दिवा लावून आत बघितलं आणि दिवा बंद केला. मग दोघं तसेच बसून राहिले. आक्काचे मला फोन यायचे. "रडत न्हाईत गं. बिस्किटाच्या जाहिरातीतलं कुत्रं बघून रडणारा माणूस, ह्या खेपेला कसा काय रडत न्हाय? आत काहीतरी दाटून बसलंय. मला भ्या वाटायला लागलंय." एकदा म्हणाली, "तू एखादा चांगला सिनेमा बघून ठेव. घोडं जगणारा. त्याला काटासुद्धा टोचला न्हाय पायजे. जरा तरी मन लागंल."

मी ते काम परीक्षेचे पेपर तपासण्यापेक्षा जास्त मन लावून केलं. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एक सापडला. परदेशातला, मराठीत बोलणारा, लहान मुलांचा सिनेमा. त्यात कुणी मरत नाही, कुणी विकत नाही, कुणी चाबूक उगारत नाही. एक माणूस कामाला लांब जातो आणि शेवटी परत येतो, बस्स. मी तो पुढे-मागे करून पुन्हा तपासला आणि सुट्टी लागताच मंगळवार पेठेत हजर झाले. जेवणं झाल्यावर टीव्ही लावला. "दाजी, घोडं जगतंय," मी न विचारताच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

सिनेमा त्यांनी शांतपणे बघितला. घोडं ओढ्यात खेळलं, सफरचंद खाल्लं, पोरांना पाठीवर घेऊन फिरलं. आक्का माझ्याकडे बघून डोळ्यांनीच बरं झालं म्हणाली. शेवटी संध्याकाळ होते, घोडं कुंपणाच्या फाटकाशी येऊन उभं राहतं, कान टवकारून रस्त्याकडे बघत राहतं, आणि लांबून मालक चालत येतो. एवढंच. घोडं हलकंसं फुरफुरलं आणि दाजी फुटले. असं रडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. थिएटरातलं ते हुंदके देणं वेगळं, हे वेगळं. त्यात आवाज फारसा नव्हता. दोन्ही हातांत तोंड धरून ते पुढे वाकले आणि त्यांची सगळी पाठ हलत होती. जगलेलं घोडं त्यांना असं रडवेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी टीव्ही बंद केला.

रडं ओसरल्यावर ते म्हणाले, "दिवस कलला की तीबी अशीच उभी ऱ्हायाची. मामा सांगायचं, स्कूटर ओढ्यापलीकडं आसली तरी हिला कळतं म्हणून. चंदी पुढ्यात आसली तरी तोंड लावायची न्हाय मी येस्तोवर." त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसावं तसं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "आता दवाखाना बंद केला की मला कळतच न्हाय कुठं जायाचं ते. माझी वाट बघणारं कोण ऱ्हायलं आता?"

आक्का त्यांच्या शेजारीच बसली होती. मला वाटलं, आता ही उठून आत जाणार. पण ती उठली नाही. म्हणाली, "मग मी एवढी वर्षं त्या गॅलरीत काय हवा खायला उभी ऱ्हात हुते?"

दाजींनी मान वळवली आणि आक्काकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. एखादी गोष्ट रोज डोळ्यांसमोर असून आजच कुणी दाखवून द्यावी तसं ते बघत होते.

"तू कधी बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तिनं तरी कुठं बोलून दावलं हुतं," आक्का म्हणाली.

दाजी पुन्हा रडायला लागले. या वेळी आक्काही रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत तिथेच उभी राहिले.

दाजींनी दुसरी घोडी घेतलेली नाही. दस्तगीरमामांनी एक शिंगरू बघून ठेवलंय, पण ते अजून बघायला गेलेले नाहीत. पागेवर मात्र अधूनमधून जातात, दुसऱ्यांच्या घोड्यांना हात लावून येतात आणि अंधार पडायच्या आत परत फिरतात. आक्का सांगते की हल्ली गल्लीच्या तोंडाशी आले की स्कूटर हळू करतात, मान वर करून आधी गॅलरीकडे बघतात आणि ती दिसली की हात वर करतात. "ह्या वयात शोभतंय काय ते? सगळी गल्ली बघत आसती," ती फोनवर कुरकुरते. मी तिला म्हणते, मग उभी राहू नकोस. यावर ती भाकरी करपेल म्हणून घाईनं फोन ठेवते, आणि इकडे गारगोटीत मला उगाचच रडू येतं.